एक्झोसोम कॅन्सर व्हॅक्सिन सेंटर: नानांना दाखवून आलो, त्याचा रिव्ह्यू

खान्देशातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक जाहिरात फिरतेय, "ना केमो ना शेक, एक्झोसोम कॅन्सर व्हॅक्सिन आता तुमच्या शहरात", खाली जांभळ्या गोळ्यांचं चित्र आणि मोबाईल नंबर. आमच्या ग्रुपवर ती आत्याने टाकली, आणि नेमकी नाना मुंबईहून रिपोर्ट घेऊन आले त्याच आठवड्यात, मग काय, घरात दुसरा विषयच नाही. नाना माझे काका, अमळनेर तालुक्यात कपाशी करतात, तरुणपणापासून तोंडात तंबाखू, गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, शेक झाला, सगळं महात्मा फुले योजनेत बसलं, आणि आता मानेत परत गाठ. अशा वेळी कोणी "लस आहे" म्हटलं की माणूस जातोच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, त्यामुळे घरच्यांनी मलाच पुढे केलं की तू चल, तुला त्यातलं कळतं. आता रोज कोणी ना कोणी तेच विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सेंटरचं नाव लिहिणार नाही, वकिलाच्या नोटिसा झेलायला वेळ नाही आणि पैसा तर नाहीच नाही. पाचपैकी एक स्टार. तो एकसुद्धा त्यांच्या फाईलीतल्या एका झेरॉक्ससाठी, त्याच्यावर येतेच.

जागा एकदम चकाचक. लिफ्ट, एसी, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, चहा कपबशीत. काउन्सेलर मॅडम बोलायला गोड, नानांना "बाबा, बाबा" करत होत्या, आधी त्यांना खुर्ची दिली, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मोठ्या हॉस्पिटलात लायनीत उभं राहून कंटाळलेल्या माणसाला हे लगेच लागतं हो, नानीचे तर डोळे भरून आले. कन्सल्टिंग फी दीड हजार, पावती मिळाली, पण पावतीवर "वेलनेस असेसमेंट" असं छापलेलं, कॅन्सर हा शब्दच कुठे नाही. तिथेच माझे कान टवकारले.

मग टीव्हीवर व्हिडिओ दाखवतात. आणि पंचाईत अशी आहे की व्हिडिओतलं बरंचसं खरं आहे. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी बाहेर बारीक बारीक पुड्या सोडत असते, चरबीच्या पातळ पडद्याच्या, त्यातल्या एक्झोसोम म्हणतात त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे आमच्या लॅबच्या साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसायचं नाही. १९८० च्या दशकात मेंढीच्या कच्च्या लाल पेशींमधून त्या निघताना दिसल्या तेव्हा लोकांना वाटलं पेशी नको असलेला माल बाहेर टाकतेय. १९९६ ला कळलं की बी-पेशींनी सोडलेल्या पुड्यांवर टी-पेशींना (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्यातल्या टी-पेशी शत्रूला शोधून मारतात) जागं करणारी सामग्री जशीच्या तशी असते. आणि १९९८ मध्ये लॉरेन्स झिटवोगेल आणि त्यांच्या फ्रान्समधल्या टीमने उंदरांवर करून दाखवलं, डेंड्रिटिक पेशींना गाठीतल्या प्रथिनांचे तुकडे दिले, त्या पेशींनी सोडलेल्या पुड्या गोळा करून उंदरांना टोचल्या, तर काहींच्या वाढलेल्या गाठी गेल्या आणि काहींच्या वाढायच्या थांबल्या.

डेंड्रिटिक पेशी म्हणजे शरीरातल्या हेरच समजा, शत्रूचा तुकडा उचलायचा, आपल्या अंगावर मांडायचा आणि टी-पेशींना दाखवायचा की हा असा दिसतो, याला शोधा. राल्फ स्टाइनमन यांना त्याच्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. आता या पेशीने सोडलेल्या पुडीवर पण तोच तुकडा त्याच पद्धतीने मांडलेला असतो, आणि पुडी जिवंत नसल्यामुळे उणे ८० डिग्रीला गोठवून ठेवता येते, जिवंत पेशी टोचली तर गाठीच्या आसपास गेल्यावर तीच गप्प पडायची भीती असते, पुडीला ती भीती नाही. म्हणून याच्यावर लस करायची कल्पना एवढी भारी वाटते, आणि मला तर अजून वाटते, उगाच नावं ठेवायची म्हणून मी लिहीत नाहीये.

इथपर्यंत व्हिडिओ आणि मी एकमताने चाललो होतो. मग डॉक्टरसाहेब आले, सुटाबुटातले, शांत बोलणारे, बोर्डवर रिजनरेटिव्ह मेडिसिन लिहिलेलं, कॅन्सरची डिग्री काही दिसली नाही. त्यांनी सांगितलं पाच डोस, दर आठवड्याला एक, सलाईनमधून, शरीराची प्रतिकारशक्ती "रिप्रोग्राम" होणार. तेवढ्यात नानांनी, जे इतका वेळ गप्प बसले होते, सरळ विचारलं, "कोन्या पेशी शेतस या?"

डॉक्टरांना अहिराणी कळली नाही, मी सांगितलं की ते विचारतायत या पुड्या कोणाच्या पेशींमधून काढल्यात. उत्तर आलं, नाळेच्या स्टेम सेलच्या. कोणाच्या नाळेच्या? डोनरच्या.

सगळा खेळ इथेच आहे म्हणून जरा थांबून सांगते. पुडी ही ज्या पेशीतून निघते तिचाच माल घेऊन निघते. डेंड्रिटिक पेशीला गाठीचा तुकडा दाखवलेला असेल तरच तिच्या पुडीवर तो तुकडा येणार आणि तरच तिला लस म्हणता येईल. अनोळखी बाळाच्या नाळेतल्या पेशीने नानांच्या गालाची गाठ कधी बघितलीच नाही, तिच्या पुडीत नानांच्या कॅन्सरचं काय असणार? काहीच नाही. उलट नाळेतल्या किंवा बोनमॅरोमधल्या या मेसेन्कायमल प्रकारच्या स्टेम सेलच्या पुड्यांचा अभ्यास जास्त करून प्रतिकारशक्ती शांत करायला चाललाय, बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर डोनरच्या पेशी पेशंटवरच उलटतात त्या आजारात जर्मनीत एका पेशंटला अशा पुड्या दिल्या होत्या, २०१४ मध्ये छापून आलंय. म्हणजे तुम्हाला हवंय फौज उठवणं आणि हे विकतायत फौज झोपवायचं औषध, आणि त्याला नाव देतायत लस.

मी हे डॉक्टरांना विचारलं, शक्य तितक्या नम्रपणे, नानी बाजूला होती. ते म्हणाले "मॅडम, पुड्यांच्या लसी जगात मंजूर आहेत, मेनिन्जायटिसची बघा." हे पण खरं आहे बरं का! मेनिन्जायटिस बी, म्हणजे बॅक्टेरियामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते तो आजार, त्याची बेक्सेरो नावाची लस आहे, युरोपात २०१३ मध्ये मंजूर झाली, तिच्यात बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्याच्या पुड्या असतात. पण तिथे शत्रू बॅक्टेरिया आहे आणि पुडी पण त्याच बॅक्टेरियाची आहे, म्हणून तर ती काम करते. याचा नाळेच्या पुडीशी काय संबंध, यावर ते हसले आणि "सायन्स फार पुढे गेलंय" म्हणाले.

आता ती झेरॉक्स. पॅकेजच्या फाईलीत २००५ च्या एका पेपरचं पहिलं पान लावलंय, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टीमचं, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर, आणि त्यात "सेफ" या अर्थाच्या ओळीवर पिवळा हायलाइटर मारलाय. मी ते पान तिथेच वाचायला घेतलं. त्या ट्रायलमध्ये १३ पेशंट घेतले होते, ९ जणांना पूर्ण उपचार मिळाले. पेशंटच्याच रक्तातून पांढऱ्या पेशी मशीनवर वेगळ्या काढल्या, त्यांच्यापासून लॅबमध्ये डेंड्रिटिक पेशी वाढवल्या, त्यांनी सोडलेल्या पुड्यांवर मेज नावाच्या कॅन्सर-प्रथिनाचे तुकडे चढवले आणि आठवड्याला एक अशा चार वेळा कातडीत आणि कातडीखाली टोचलं. त्रास फारसा झाला नाही, काहींचा आजार काही काळ थांबला, पण टी-पेशी काही म्हणाव्या तशा उठल्या नाहीत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, १५ पेशंटवर अशीच ट्रायल झाली, तिथे पण साधारण तोच निकाल. दोन्हीकडे पेशी पेशंटच्या स्वतःच्या. म्हणजे जो पेपर पुरावा म्हणून लावलाय तो या सेंटरच्या मालाबद्दलचा नाहीच! तरी एक स्टार त्याला देते, कारण निदान खरा पेपर तरी लावला, आणि ज्याला वाचता येतं त्याला तो वाचून त्यांचंच पितळ उघडं पाडता येतं.

पुढचा पेपर मात्र फाईलीत नव्हता, तो मी सांगते. फ्रान्समध्येच दुसऱ्या टप्प्याची ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापली, फुफ्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरचे २२ पेशंट, केमोने आजार थांबला की मग पुड्या द्यायच्या, आणि या वेळी डेंड्रिटिक पेशींना इंटरफेरॉन गॅमा (प्रतिकारशक्तीला चेतवणारं प्रथिन) देऊन जास्त पिकवलेलं. ठरवलं होतं की चार महिन्यांनी निम्म्या पेशंटचा तरी आजार वाढलेला नसावा. निघाले २२ पैकी ७. म्हणजे ठरवलेलं गाठलं नाही. टी-पेशी इथेही फारशा हलल्या नाहीत, पण काही पेशंटमध्ये एनके पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या दुसऱ्या एका प्रकारच्या मारेकरी पेशी, त्या जोरात आल्या, आणि संशोधक अजूनही त्या धाग्याच्या मागे आहेत. इतकी वर्षं, इतके हुशार लोक, स्वतःच्या पेशी वापरून, आणि अजून हे अर्ध्या रस्त्यात आहे. आणि आपल्याकडे हायवेला लागून पहिल्या मजल्यावर रेडीमेड मिळतंय, काय भो!

बरं, तुम्ही म्हणाल मग गाठीतूनच पुड्या काढा की, तिथे तर शत्रूचे सगळेच तुकडे असतील. तेही करून बघितलंय, चीनमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटच्या पोटातल्या पाण्यातून पुड्या काढून त्यांनाच टोचल्या, २००८ ची गोष्ट. पण गाठ पण काही भोळी नाही, तिच्या पुड्यांवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असतं, जे टी-पेशींना ब्रेक लावतं, हे २०१८ ला मेलानोमाच्या पेशंटमध्ये दाखवलं गेलंय. आणि २०१५ मध्ये उंदरांवर असंही दिसलं की गाठीच्या पुड्या लांबच्या अवयवात आधी जाऊन कॅन्सरला बसायला जागा तयार करतात. म्हणून कोणती पुडी, कोणाची पुडी, हा प्रश्न मी लॅबवाली आहे म्हणून उकरून काढत नाहीये, अख्खं शास्त्रच त्या प्रश्नावर उभं आहे, आणि नानांनी तो चहा पिता पिता विचारला.

मग म्हटलं माल दाखवा. मॅडमनी फ्रीज उघडला, साधा दोन दरवाज्यांचा घरगुती फ्रीज, वरच्या कप्प्यात बर्फाच्या ट्रेशेजारी काचेच्या छोट्या बाटल्या, रबरी बूच, चंदेरी झाकण. मी एक हातात घेऊन फिरवून बघितली. लेबलवर इंग्रजीत एक्झोसोम, ५ मिली, १०० अब्ज कण. उत्पादकाचं लायसन नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, आणि एकदम खाली मुंगीएवढ्या अक्षरात "फॉर रिसर्च यूज ओन्ली", म्हणजे फक्त संशोधनासाठी. नानांनी चष्मा लावून ती बाटली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "अरे कपाशीना बियाणानी पुडीवर भी लॉट नंबर ऱ्हास." बोगस बियाण्याने एकदा हंगाम घालवलेला माणूस आहे, त्याला अजून काय समजावणार.

ते १०० अब्ज कण पण ऐकायलाच मोठे. कण मोजणारं मशीन आकारावरून मोजतं, त्याला पुडी कोणती आणि त्याच मापाचा चरबीचा थेंब कोणता हे कळत नाही, म्हणून खऱ्या लॅबमध्ये वरून सीडी९, सीडी६३, सीडी८१ असल्या खुणा तपासतात. तो रिपोर्ट मागितला, "कंपनीकडे असतो" म्हणे.

मागच्या खोलीत काचेआड एक मशीन ठेवलंय, पेशंटला लांबून दाखवतात की इथेच आम्ही प्रोसेसिंग करतो. मी काचेला नाक लावून बघितलं, आठ ट्यूबचं टेबलटॉप सेंट्रीफ्यूज, आमच्या लॅबमध्ये सिरम वेगळं करायला आहे तेच मॉडेल निघालं. त्याने रक्तातल्या पेशी खाली बसतात, बस. एक्झोसोम खाली बसवायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर लागतो, तासाभराच्या वर, त्याला अल्ट्रासेंट्रीफ्यूज लागतं, ते जमिनीवर उभं असतं, आत व्हॅक्युम असतो, कूलिंग असतं. फिल्टर आणि कॉलमच्या दुसऱ्या पद्धती पण आहेत, पण तेही तिथे काही नव्हतं. ही गोष्ट मी मुद्दाम फोड करून लिहिली कारण काचेआड फिरणारं मशीन दिसलं की आपल्या लोकांचा लगेच विश्वास बसतो.

पॅकेज साडेचार लाख. पाच डोस, "इम्युनिटी ड्रिप" फ्री. ईएमआय आहे. बुकिंगला अकरा हजार टोकन, आणि आमच्या चुलतभावाने, मी आत प्रश्न विचारत असताना, बाहेर मॅडमच्या गोड बोलण्यात येऊन ते भरून पण टाकले. परत मागितल्यावर "नॉन-रिफंडेबल आहे सर, फॉर्मवर सही आहे". सहीच्या वरचा मजकूर वाचला तर त्यात लिहिलंय की हा उपचार कोणत्याही आजारासाठी नसून निकालाची हमी नाही. बाहेर बॅनरवर कॅन्सर व्हॅक्सिन आणि आत सहीच्या वर आजारासाठी नाही! सहीच्या आधी तो कागद घरी न्यायला मागा, देत नाहीत, आणि देत नाहीत यातच काय ते समजून घ्या.

मी विचारलं, ही ट्रायल आहे का, असेल तर सीटीआरआयचा नंबर द्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भारतात औषधाची ट्रायल करायची तर सरकारच्या त्या रजिस्टरमध्ये आधी नोंदवावी लागते, वेबसाइटवर कोणालाही शोधता येते, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. ट्रायल नसेल तर मंजूर औषध पाहिजे, आणि कॅन्सरवर एक्झोसोमची मंजूर लस भारतात एकही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, तर डिसेंबर २०१९ मध्येच लोकांना सावध केलं होतं, नेब्रास्कामध्ये एक्झोसोम म्हणून विकलेला माल टोचून पेशंट गंभीर आजारी पडले होते. आपल्याकडे १९५४ चा जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यात कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. मॅडमचं उत्तर होतं, "सीटीआरआय प्रोसेसमध्ये आहे." म्हणजे दोन्हीकडून नाही.

नानांचं काय झालं ते विचाराल म्हणून. मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच पर्याय लिहून दिला होता, घरात या लसीच्या नादात तो कागद कोणी नीट वाचलाच नव्हता. तोंडातून घ्यायच्या कमी डोसच्या गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचं २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. नेहमीचा डोस २४० असतो, त्याचा बारावा हिस्सा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर ही ट्रायल केली होती, नुसत्या गोळ्यांवर एक वर्षाने १६.३ टक्के लोक जिवंत होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के. आणि हे इंजेक्शन करतं काय, तर वर सांगितलेला तो पीडी-एल१ वाला ब्रेक सोडवतं, ज्याच्यासाठी गाठ पुड्या पाठवत असते. म्हणजे इम्युनोथेरपीच म्हणायची, आपल्याच लोकांनी आपल्या खिशाचा विचार करून शोधलेली, फक्त तिची जाहिरात ग्रुपवर येत नाही. बरे व्हाल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, त्यांनी सरळ सांगितलं की वेळ वाढेल, दुखणं कमी होईल. नानांना ते पटलं. नानीला अजून पटलेलं नाही, ती म्हणते त्या सेंटरवाल्या तर बरं होईल म्हणत होत्या.

टोकनचं अजून चालू आहे. ग्राहक मंचात जायचं की नाही यावर भावाचं आणि माझं रोज भांडण. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला मी बाटलीच्या लेबलचा फोटो लावून अर्ज दिलाय, पोच घेतलीय. ज्यांनी या सेंटरमध्ये पैसे भरलेत त्यांनी फॉर्म आणि पावतीचे फोटो जपून ठेवा, पावतीवर वेलनेस लिहिलं असलं तरी ठेवा, आणि बॅनरचा फोटो तारखेसकट घ्या, कारण मी अर्ज दिल्यावर आठवड्याभरात बॅनरवरचा "कॅन्सर" पुसून तिथे "सेल" (म्हणजे पेशी) चिकटवलंय, जवळ जाऊन बघितलं तर स्टिकरच्या कडेने जुनी अक्षरं दिसतात.

सेंटरला मी एकच प्रश्न लेखी पाठवलाय, नाळेच्या पुडीवर नानांच्या गाठीचा तुकडा येतो कुठून. उत्तरात मेसेज आला की सर बाहेरगावी आहेत, आणि महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर वीस हजार कमी.